गुणी पोराचा पगार

नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या मुलींनी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला तेव्हा आमच्याकडे, व्हँकूव्हरजवळच्या सरीमध्ये, रविवारची सकाळ होती. हरमनप्रीतने मागे पळत शेवटचा झेल घेतला आणि थोड्या वेळाने पडद्यावर प्रशिक्षक अमोल मुझुमदार दिसले. प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा, ३० शतकं, आणि भारताकडून एकही सामना नाही. त्या माणसाच्या हातात तो चषक आला म्हणून मला रडू आलं.

तासाभरात घरच्या ग्रुपवर आतेभावाचा मेसेज पडला. "याला म्हणतात संस्कार. आयुष्यभर संधी मिळाली नाही, पण एका शब्दाने तक्रार नाही. नाहीतर बाकीचे, एक पदक आणलं की लगेच फ्लॅट मागायला उभे." बाकीचे म्हणजे कोण, ते सगळ्यांना कळलं. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा, रेल्वेत नोकरी करत नेमबाजी करणारा स्वप्नील कुसाळे २०२४ मध्ये पॅरिसहून ब्राँझ घेऊन आला. राज्य सरकारने दोन कोटी जाहीर केले. हे कमी आहेत, आणि पोराला सरावासाठी बालेवाडीजवळ घर मिळावं, असं त्याचे वडील म्हणाले, आणि लोकांनी त्यांना हावरट ठरवलं. आमच्या ग्रुपवरही तेच झालं होतं.

मला यावर दोन ओळींत उत्तर देता येईना. कारण गुणी, गरीब स्वभावाच्या आणि स्वस्तात मिळालेल्या एका खेळाडूवर मीही वर्षानुवर्षं जीव टाकला आहे. खेळ आइस हॉकी आणि खेळाडू अलेक्स बरोज, १४ नंबरचा.

एनएचएल म्हणजे इथली आइस हॉकीची सगळ्यात मोठी लीग. तिच्यात शिरायचा मोठा रस्ता म्हणजे ड्राफ्ट. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांना संघ पाळीपाळीने उचलतात. बरोजच्या काळी नऊ फेऱ्या व्हायच्या, एका वर्षात अडीचशेवर नावं पुकारली जायची. क्यूबेकमधल्या पँकूर गावच्या या पोराचं नाव एकदाही पुकारलं गेलं नाही. मग तो अमेरिकेच्या दक्षिणेत ईसीएचएल नावाच्या, दोन पायऱ्या खालच्या लीगमध्ये गेला. ग्रीनव्हिल, बॅटन रूज, कोलंबिया. तिथे आठवड्याला काही शे डॉलर मिळतात आणि रात्र रात्र बसने प्रवास करावा लागतो. उन्हाळ्यात तो बॉल हॉकी खेळायचा.

बॉल हॉकी म्हणजे काय हे मला आमच्या गल्लीने शिकवलं. बर्फ नाही, स्केट्स नाहीत, साधे बूट, डांबर आणि केशरी रंगाचा टणक चेंडू. पोरं रस्त्यात मधोमध जाळी मांडतात. गाडी आली की एकजण "कार!" म्हणून ओरडतो, दोघं जाळी उचलून कडेला नेतात, गाडी गेली की पुन्हा मध्ये. माझा मुलगा त्यात वाढला. बरोज या खेळात कॅनडाकडून दोनदा जगज्जेता झाला होता, पण त्याने एनएचएलचं दार काही उघडत नाही. एनएचएलमधल्या आमच्या संघाकडून, व्हँकूव्हर कनक्सकडून, पहिला सामना खेळायला त्याला जानेवारी २००६ उजाडला. वय २४.

मी त्यानंतर वर्षभराने इथे आले. खेळ डोक्यात शिरायला वेळ लागला, माणूस आधी शिरला. २००८ च्या मे महिन्यात लूक बूर्डाँ हा त्याचा एकवीस वर्षांचा मित्र आणि संघातला सोबती मोटरसायकलच्या अपघातात गेला. पुढच्या मोसमात बरोजने गोल केला की तो आकाशाकडे धनुष्य ताणून बाण सोडायचा. ती खूण बूर्डाँची होती. हे कळल्यावर मी सामने बघायला लागले.

आता पगाराची गोष्ट. २००९ मध्ये त्याने चार वर्षांचा करार केला, वर्षाला २० लाख डॉलर. थोडं थांबला असता तर त्याच उन्हाळ्यात मोकळा होऊन हव्या त्या संघाशी बोलणी करू शकला असता. तो थांबला नाही. त्या मोसमात त्याचे २८ गोल झाले, पुढच्यात ३५. ज्या सेडिन जुळ्या भावांच्या बाजूला तो खेळायचा, त्या दोघांना प्रत्येकी ६१ लाख. हे आकडे मला माहीत आहेत, कारण इथे प्रत्येक खेळाडूचा पगार जाहीर असतो. केशकर्तनालयात, बसथांब्यावर, कुठेही लोक त्यावर बोलतात. लीगने प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा घातलेली आहे, त्यामुळे एकाचे वाचलेले पैसे दुसऱ्या खेळाडूवर खर्च करता येतात. म्हणून बरोजवरचं आमचं प्रेम दुहेरी होतं. पोरगा कष्टाने वर आला याचं कौतुक, आणि इतका स्वस्त पडला याचाही आनंद. मंडईत चांगली भाजी कमी भावात मिळाली की होतो, तसा आनंद. तेव्हा मला हे दोन्ही एकच वाटायचं.

२६ एप्रिल २०११ ची रात्र. पहिल्या फेरीचा सातवा, निर्णायक सामना, समोर शिकागो. मागची दोन वर्षं शिकागोनेच कनक्सना बाहेर काढलं होतं आणि या वेळी ३-० अशा पिछाडीवरून त्यांनी मालिका बरोबरीत आणली होती. आम्ही एका पंजाबी कुटुंबाच्या घरात तळमजल्यावर भाड्याने राहत होतो. वर अंकलचं सगळं खटलं जमलेलं. बरोजने सुरुवातीलाच गोल केला. मग पेनल्टी शॉट चुकवला. दोन मिनिटंही उरली नव्हती तेव्हा शिकागोने बरोबरी केली, आणि जादा वेळ सुरू होताच बरोजनेच प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवलं म्हणून त्याला दोन मिनिटं बाहेर बसवलं. वरून अंकलचा आवाज आला. त्यांनी त्याला ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहीत नाही. दोन मिनिटं संपली, तो परत आला. शिकागोच्या बचावपटूने बाहेर फेकलेली पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, त्याने हवेतच हातमोज्याने अडवून खाली पाडली, पुढे घेतली आणि मारली. गोल. आमचं छत हादरलं. मी जिन्याने वर धावले तेव्हा अंकल सोफ्यावर उभे होते आणि आंटी पदराने डोळे पुसत होत्या. बाहेर स्कॉट रोडवर तासभर हॉर्न वाजत होते.

तो काही संत नव्हता. त्याच वर्षी अंतिम फेरीत त्याने बोस्टनच्या खेळाडूचं बोट चावल्याचा आरोप झाला आणि त्याची बाजू घेताना माझी जीभ अडखळली होती. बर्फावर तो डिवचणारा, कुरापत काढणारा होता. बाहेर मात्र लाजाळू, सगळ्यांशी नीट बोलणारा.

आणि मग २०१३ पासूनचा नवा करार आला. चार वर्षं, वर्षाला ४५ लाख. सगळे म्हणाले, कमावलेत त्याने. त्याच मोसमात त्याचा पाय मोडला, जबडा मोडला, ४९ सामन्यांत फक्त पाच गोल झाले. वर्ष संपायच्या आत तीच माणसं म्हणू लागली, फार महाग आहे हा, पैसे देऊन मोकळा करा. माणूस तोच, मेहनत तीच, गाण्यासारखी पाठ झालेली ड्राफ्टची कहाणीही तीच. बदलला होता तो आकडा. मला तेव्हा पहिल्यांदा टोचलं, की आपण ज्याला त्याचा साधेपणा म्हणत होतो, त्यात त्याचा कमी भाव किती मोठा वाटेकरी होता.

पण इथे एक गोष्ट घडली नाही. जास्त पैसे घेतलेस म्हणून तुझा स्वभाव बिघडला, असं त्याला कोणी म्हणालं नाही. गोल होत नाहीत म्हणाले, हाव सुटली म्हणाले नाहीत. खेळाडूंची संघटना आहे, किमान पगार ठरलेला आहे, निवृत्तिवेतन आहे. पैशाचं बोलणं वकील-एजंट करतात, त्यामुळे खेळाडूला नम्र राहायची मोकळीक मिळते. इथलं सगळं चांगलं, असं मी म्हणत नाही. ईसीएचएलमधली पोरं अजून तशीच बसने हिंडतात. बायकांची हॉकी तर कितीतरी वर्षं जवळजवळ फुकट खेळली गेली. त्यांची जुनी लीग २०१९ मध्ये बंद पडली, तेव्हा जगातल्या उत्तमोत्तम खेळाडूंनी एकत्र येऊन सांगितलं की पोटापुरता पगार नसेल तर आम्ही कुठल्याच लीगमध्ये खेळणार नाही. त्यातून २०२४ च्या जानेवारीत संघटनेशी करार केलेली नवी लीग उभी राहिली आणि २०२५ च्या हिवाळ्यात व्हँकूव्हरलाही तिचा संघ आला. त्या मुलींनी मागितलं, अडून बसल्या, आणि आज माझ्या शेजारच्या लहान पोरी त्यांचे जर्सी घालून शाळेत जातात.

मी मूळची खडकीची. हॉकी, बर्फावरची नव्हे, मैदानावरची, आमच्याकडे घराघरात. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या मैदानाची देखभाल करणाऱ्याचा मुलगा धनराज पिल्ले मोडक्या स्टिका बांधून खेळत मोठा झाला, ही गोष्ट आम्हाला आजोबांच्या गोष्टींसारखी माहीत. १९९८ मध्ये बँकॉकला त्याच्या संघाने ३२ वर्षांनी एशियाडचं सुवर्ण आणलं. परत आल्यावर त्याच्यासह बिनीच्या खेळाडूंना संघातून वगळलं गेलं, 'विश्रांती' म्हणून. धनराज पैशांबद्दल, सोयींबद्दल उघड बोलायचा. त्यासाठी त्याला कायमचं एक विशेषण मिळालं, तापट. खडकीतली मोठी माणसंसुद्धा म्हणायची, खेळतो देवासारखा, पण तोंड आवरायला हवं.

त्याच २०११ सालाकडे पुन्हा पाहा. २ एप्रिलला वानखेडेवर आपण क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. मंडळाने प्रत्येक खेळाडूला आधी एक कोटी जाहीर केले, मग ते दोन केले. कोणाला वावगं वाटलं नाही, मलाही नाही. सप्टेंबरात चीनमधल्या ऑर्डोसला आपल्या हॉकी संघाने पाकिस्तानला हरवून पहिली आशियाई चँपियन्स ट्रॉफी आणली. त्यात मुंबईचा युवराज वाल्मीकी होता, मरीन लाइन्सला वीज नसलेल्या झोपडीत वाढलेला. प्रत्येकाला बक्षीस जाहीर झालं २५ हजार रुपयांचं. पोरांनी ते नाकारलं. तेव्हा त्यांनाही काहींनी शिकवलं, देशासाठी खेळता ना?

आपल्याकडे खेळाडूच्या पैशाला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. मान द्यायचा म्हणून धन, मग ते किती हे विचारणं म्हणजे मानालाच धक्का. अमोल मुझुमदारांची वाट पाहण्याची ताकद मोठी आहे, मी त्यांच्यापुढे हात जोडते. पण त्यांचं गप्प राहणं घेऊन कांबळवाडीच्या बापाचं तोंड बंद करायचं, याला माझा विरोध आहे. मुझुमदारांवर अन्यायच झाला होता. ते बोलले असते तरी तो अन्यायच राहिला असता.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. कोणी फार काही बोललं नाही. रात्री दादाचा फोन आला. दादा खडकीच्या एका क्लबकडून सात वर्षं लेफ्ट हाफ खेळला, राज्याच्या शिबिरापर्यंत गेला, मग गुडघा गेला. तो म्हणाला, "आम्हाला सरावानंतर दोन केळी आणि एक उकडलेलं अंडं मिळायचं. सामन्याच्या दिवशी दोन अंडी. गुडघ्याचं ऑपरेशन आईने पाटल्या मोडून केलं, ते तुला माहीत नाही, तू लहान होतीस."

मला खरंच माहीत नव्हतं. आईचे हात मोकळे का, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

थोडा वेळ आम्ही दोघंही गप्प होतो. मग त्याने विचारलं, "त्या तुमच्या चौदा नंबरवाल्याचं पुढे काय झालं?"

मी सांगितलं. २०१९ च्या डिसेंबरात व्हँकूव्हरच्या स्टेडियममध्ये मानकऱ्यांच्या रांगेत त्याचं नाव कायमचं लावलं, लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. खेळणं थांबल्यावर काही वर्षं तो प्रशिक्षकही होता.

"आणि पैसे? नीट मिळाले शेवटी?"

मी व्हँकूव्हरशी झालेल्या त्याच्या शेवटच्या कराराचा आकडा सांगितला, एकूण एक कोटी ऐंशी लाख डॉलर. दादाने तो मनातल्या मनात रुपयांत मोजला असावा, कारण तो क्षणभर थांबला.

"बरं झालं," तो म्हणाला. "पाय मोडला होता ना त्याचा?"