‘काहून जाता बे अप्रेंटिसले?’ या मेसेजला उत्तर

आयटीआयचे निकाल लागले की नागपुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर अप्रेंटिसशिपबद्दल, म्हणजे कंपनीतल्या शिकाऊ उमेदवारीबद्दल, एक मेसेज हमखास फिरतो. ‘काहून जाता बे अप्रेंटिसले? कंपनी फुकटात राबवते, शिकवत काही नाही, हात कटला तर विचारत नाही, अन् वर्ष झालं की घरी पाठवते. त्यापेक्षा ठेकेदाराकडे लागा, पहिल्या दिवसापासून रोजी सुरू.’ लिहिलंय पोटतिडकीनं, म्हणून पोरांना पटतंही.

फुकटात? नाही. अप्रेंटिसचा कायदा 1961 चा आहे. 2019 च्या नियमदुरुस्तीनं किमान स्टायपेंड शिक्षणाप्रमाणे महिना 5,000 ते 9,000 रुपये ठरला, त्यात आयटीआयवाल्याला 7,000. एवढ्यात हिंगण्याला खोली, डबा आणि पेट्रोल भागत नाही, मान्य. कमी आहे म्हणा, फुकट म्हणू नका. ठेकेदाराकडे सुरुवातीला जास्त मिळेलही. पण तिथं हेल्परला मशीनला हात लावू देतात का, ते एकदा विचारून या.

‘शिकवत काही नाही’ याचा मला खरा राग येतो. फायलिंगचंच, म्हणजे कानशीनं लोखंड घासण्याचंच घ्या. नवा पोरगा फाईल (कानस) ढकलताना हात डोलवतो, मग दोन्ही कडा जास्त घासल्या जातात आणि मधे फुगवटा राहतो. त्याला जॉब, म्हणजे हातातला तुकडा, सपाटच दिसतो. जुना फिटर काही बोलत नाही. जॉबवर ट्राय-स्क्वेअर (गुण्या) टेकवतो आणि खिडकीकडे धरतो. ब्लेडखालून कडांजवळ उजेडाची रेघ दिसते, मधे नाही. म्हणजे आता मधेच घासायचं. हे ट्रेड थिअरीच्या पुस्तकात आहेच की! पण आयटीआयत जॉब बिघडला तर मार्क जातात, इथं क्यूसीवाला (माल तपासणारा) तो परत पाठवतो आणि पुढची असेंब्ली अडते. त्या धाकानं हात बसतो.

काही ठिकाणी अप्रेंटिसला झाडू मारायला आणि पॅकिंगला लावतात, हे खोटं नाही. पण शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या (या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याच्या) परवानगीशिवाय ओव्हरटाइम करून घेता येत नाही, आणि पीस रेटवर, म्हणजे नगामागे, पैसे द्यायलाही कायद्यानं मनाई आहे. हे पोरांना कोणी सांगत नाही, कंपनी तर नाहीच नाही.

हात कटला तर? प्रशिक्षण घेताना अपघात झाला तर भरपाई मालकानं द्यायची, हे कलम 16 मध्ये स्पष्ट आहे.

‘वर्ष झालं की घरी’ हा मुद्दा अर्धा खरा. करारात तसं लिहिलेलं नसेल तर नोकरी द्यायला मालक बांधील नाही. ज्याला आजच कायम नोकरी हवी, त्यानं अप्रेंटिसशिपकडून ती अपेक्षा धरू नये. पण शेवटची परीक्षा पास झाल्यावर मिळणारं राष्ट्रीय प्रमाणपत्र रिकामं नसतं. रेल्वेत अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांना रेल्वेच्याच लेव्हल-1 (सगळ्यात खालच्या श्रेणीच्या) भरतीत 20 टक्के जागा राखीव असतात. नागपुरात मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये लागायला पोरं धडपडतात ती उगाच नाही.

मला वाटतं, मेसेज लिहिणारा अप्रेंटिस नव्हताच. ‘ट्रेनी’ म्हणून घेतलेला, करार नाही, नोंदणी नाही. तशा पोराला वर सांगितलेलं काहीच लागू होत नाही आणि त्याची तक्रार शंभर टक्के खरी असू शकते. म्हणून बुटीबोरीच्या एमआयडीसीत रुजू व्हायला जाल तेव्हा आधी अप्रेंटिसशिप पोर्टलवरचा कराराचा नोंदणी क्रमांक मागा. त्यात ट्रेड कोणता, मुदत किती, स्टायपेंड किती, हे पाहा. पोरगा अठराच्या आतला असेल तर करार पालकाला करावा लागतो. बाबांनी तो वाचूनच सही करावी, ‘साहेब म्हणाले’ म्हणून नाही.