परदेशातून : डबा गडावर नको, पायथ्याच्या गावात ठेवा

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. तेव्हापासून गडांवर कुणी जावं, किती जणांनी जावं, हा जुनाच वाद नव्याने तापलाय. एक बाजू म्हणते, नोंदणी करा, शुल्क लावा, नाही जमलं तर सरळ बंदी घाला. दुसरी म्हणते, गड सगळ्यांचे आहेत, अडवणारे तुम्ही कोण? पावसाळा आला की जिल्हाधिकाऱ्यांचे मनाईहुकूम निघतात आणि दोन्ही बाजूंना आणखी दारूगोळा मिळतो.

या वादात जिओकॅशिंगचं, म्हणजे डबे लपवण्या-शोधण्याच्या खेळाचं, नाव क्वचितच निघतं, कारण महाराष्ट्रात हा छंद अजून मोजक्या लोकांपुरता आहे. पण ब्रिटनमध्ये राहून हा नाद लागलेल्या मराठी माणसाला सुट्टीत गावी जाताना हमखास वाटतं की एक डबा राजगडावर ठेवून यावा, जगभरचे लोक शोधत येतील. हेतू चांगला आहे. तरीही ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते ब्रिटनमधल्या अनुभवातूनच आलंय.

खेळ थोडक्यात असा. कुणीतरी एक डबा लपवतं, आत वही किंवा कागदाची पट्टी ठेवतं, आणि त्याचे अक्षांश-रेखांश खेळाच्या संकेतस्थळावर जाहीर करतं. बाकीचे जीपीएसच्या मदतीने तो शोधतात, सही करतात, जसा होता तसा परत ठेवतात. २ मे २००० रोजी अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली, आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगनमध्ये डेव्ह अल्मर यांनी पहिली बादली ठेवली. ती अर्धवट जमिनीत पुरलेली होती आणि आत खाण्याचा डबाही होता. आजच्या नियमांनी ती दोन्ही कारणांनी नापास झाली असती! खड्डा खणायचा नाही आणि खाद्यपदार्थ ठेवायचे नाहीत, हे आता पहिल्या इयत्तेतले नियम आहेत.

ब्रिटनबद्दल आपल्याकडे एक भाबडी समजूत आहे की तिथले लोक शिस्तीचे, म्हणून तिथे सगळं जमतं. तसं काही नाही. इथेही भिजून लगदा झालेल्या वह्या, गोळ्या-पेपरमिंटच्या गंजलेल्या डब्या आणि आयव्हीच्या वेलीत कोंबलेल्या कॅमेऱ्याच्या फिल्मच्या डब्या ढिगाने सापडतात. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर हवं असा नियम आहे. त्याचा अर्थ कित्येकांनी ‘दर १६१ मीटरवर एक डबा ठेवलाच पाहिजे’ असा लावून घेतलाय. शेतांतून जाणाऱ्या पायवाटेचा एक फेरा, त्यावर तीस-चाळीस डबे, सगळे एकाच साच्यातले : कुंपणाच्या खांबामागे प्लॅस्टिकची नळी, त्यात कागदाची गुंडाळी. शोधणाऱ्याची आकडेवारी फुगते, डोळ्यांना काही मिळत नाही. नेवाडातल्या महामार्गालगत तर असे हजारावर डबे ओळीने लावलेले आहेत. ज्याला मजा येते त्याने खेळावं, पण त्याला चांगली जागा निवडणं म्हणू नये.

चांगली जागा ओळखायची माझी कसोटी साधी आहे : डबा सापडला नाही तरी तिथे आल्याचं समाधान वाटलं पाहिजे. इथल्या चर्चभोवतीच्या छोट्या डब्यांची एक मालिका आहे, देशभर पसरलेली. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी डबा सामान्य असतो, पण तिथे पोचण्यासाठी युद्धस्मारकावरच्या सनावळ्या, मनोऱ्यावरच्या घड्याळाचं साल, पाटीवरची अक्षरं मोजावी लागतात. त्या आकड्यांतून शेवटचे अक्षांश-रेखांश निघतात आणि डबा स्मशानभूमीच्या बाहेर, रस्त्याकडेला मिळतो. बघायला लावलं वास्तूला, हात लावायला दिला दुसरीकडे. ही युक्ती गडांसाठी जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे.

आता भिंतींबद्दल, कारण खरा मुद्दा तिथे आहे. यॉर्कशायरच्या डोंगरांवर चुना-मातीशिवाय रचलेल्या दगडी भिंती मैलोनमैल पसरल्यात. अशा भिंतीत डबा ठेवायचा नाही, हे ब्रिटनच्या जिओकॅशिंग संघटनेच्या नियमांत आहे. कारण समजून घेण्यासारखं आहे. भिंतीच्या दोन बाहेरच्या अंगांमध्ये लहान दगडांची भर असते. तीच दोन्ही अंगांना तोलून धरते. लपवणारा एकच दगड हलवतो, आणि तोही सांभाळून. पण शोधणाऱ्याला तो दगड कुठला हे ठाऊक नसतं. मोबाइल पाच मीटरची चूक दाखवतो, म्हणजे दहा मीटर भिंत संशयाखाली. तो वीस दगड उपसून बघतो, पंधरा परत बसवतो, आतली भर खाली घरंगळते. भिंतीला पोट येतं. एक-दोन हिवाळ्यांत आत शिरलेलं पाणी गोठतं, प्रसरण पावतं आणि तेवढा भाग ढासळतो. ढासळताना समोर कुणीच नसतं, त्यामुळे दोष कुणावरच येत नाही.

तटबंदीचा विचार करा. आपल्याकडे पाणी गोठत नाही, पण चार महिने मुरतं. सांध्यातला एक चिरा सैल झाला की तिथे वड-पिंपळाचं बी रुजतं आणि पुढचं काम मुळं करतात. दुर्गसंवर्धन करणारी मंडळी एकेका बुरुजावरची झाडं काढण्यात सुट्ट्या घालवतात. आपण तिथेच लोकांना बोटं घालायला बोलवायचं, हे कुठलं शहाणपण? कायद्याची बाजूही आहेच. राष्ट्रीय संरक्षित स्मारकाला इजा पोचवली तर प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात २०१० च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘मी फक्त डबा ठेवला’ हे उत्तर, शंभर जणांनी चिरे हलवल्यावर, टिकणारं नाही.

शिवाय कपारीत हात घालणं हा ब्रिटनमधला खेळ आहे, सह्याद्रीतला नव्हे. ब्रिटनमध्ये विषारी साप एकाच जातीचा, तोही लाजाळू. कोकणात आणि घाटमाथ्यावर दगडाखाली फुरसं असतं, विंचू असतो. कड्याच्या पोटात आग्यामोहोळ असतं; दहा जणांचा गट खाली कालवा करत डबा शोधू लागला तर पळायला वाट मिळत नाही. म्हणून महाराष्ट्रात डबा कुठेही ठेवला तरी तो न वाकता, न चाचपता नजरेला पडला पाहिजे. लपवण्याची करामत कमी झाली तरी चालेल.

सुट्टीत ठेवलेल्या डब्याची दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. सात समुद्रांपलीकडे राहणारा मालक डबा सांभाळणार कसा? नियमावलीत म्हणूनच अशा डब्यांना सहसा परवानगी नाही. जवळ राहणारं कुणीतरी देखभाल करणार असेल तरच स्वयंसेवक तपासनीस मंजुरी देतात. हा नियम अनेकांना जाचक वाटतो. मला तो सगळ्या खेळातला सर्वांत शहाणा नियम वाटतो. प्रत्येक डब्यामागे एक उत्तरदायी खातं असतं. डबा फुटला, गहाळ झाला, जागामालकाने तक्रार केली तर नोंद थेट डब्याच्या मालकाकडे जाते. त्याने ठरावीक मुदतीत, साधारण महिनाभरात, काही केलं नाही तर तपासनीस डबा यादीतून कायमचा काढतो. गडांच्या वादात दोन्ही बाजूंना नेमकं हेच सुचत नाही. बंदीवाले दरवाजाला कुलूप मागतात, मोकळीकवाले कुलूप तोडा म्हणतात; अमुक टाक्याची, अमुक पायवाटेची जबाबदारी कुणाच्या नावावर, आणि त्याने ती पाळली नाही तर काय, हे कुणी विचारत नाही.

या यंत्रणेतही भोक आहे. यादीतून काढलेला डबा जागेवरून आपोआप उठत नाही. मालक गायब असेल तर तो तिथेच पडून राहतो, निव्वळ कचरा म्हणून. त्यात भर म्हणून काही जण, डबा सापडला नाही की खिशातली फिल्मची डबी तिथे टाकून ‘सापडला’ म्हणून नोंदवतात. मग एका जागी दोन-दोन डबे आणि खरा कुठला याचा घोळ.

डब्याच्या सामानाबद्दल इथे जे शिकवलं जातं ते कोकणच्या पावसाला अर्धंच लागू पडतं. रबरी पट्टीचा लष्करी लोखंडी पेटारा इथे सर्वोत्तम मानतात. आपल्याकडे तो विसराच. ज्या शहरांत ‘बेवारस वस्तूला हात लावू नका’ ही घोषणा रोज कानावर पडते तिथे काडतुसांचा पेटारा म्हणजे बॉम्बशोधक पथकाला आमंत्रण. इथेही यॉर्कशायरच्या वेदरबी गावात २०११ साली बाजारपेठेतला एक छोटा डबा लष्कराच्या पथकाने स्फोट करून उडवला होता, रस्ते रिकामे करून. त्यापेक्षा चारही बाजूंना कड्या आणि झाकणात सिलिकॉनची पट्टी असलेला, अर्धा ते एक लिटरचा पारदर्शक डबा घ्यावा. आतलं दिसलं की संशय कमी होतो. बाहेरून मराठीत आणि इंग्रजीत खेळाचं नाव, डब्याचा क्रमांक आणि ‘धोकादायक नाही’ असं पक्क्या शाईने लिहावं.

पाणी आत जाण्याचं कारण बहुतेक वेळा भोक नसतंच. वहीचं पान किंवा पिशवीचा कोपरा झाकणाच्या पट्टीत अडकतो आणि तेवढ्या फटीतून पाणी झिरपतं. म्हणून वही डब्याच्या निम्म्याहून मोठी नको. झिपची पिशवी पहिल्या चिखलाच्या हातांनंतर बंद होईनाशी होते. तिच्यापेक्षा जलरोधक कागद आणि पेन्सिल बरी, कारण पेनची शाई दमटपणात पसरते. जुलैत दमट हवेत डबा बंद केला की तीच वाफ आत पाणी होऊन बसते. सिलिका जेलची पुडी काही आठवडे काम करते, मग भरते आणि निकामी होते. उन्हाने कड्यांचं प्लॅस्टिक ठिसूळ होतं, त्या दर वर्षा-दोन वर्षांनी तुटणारच. आणि फेब्रुवारी ते एप्रिल डोंगरउतारांवर वणवे लागतात. गवतात ठेवलेला डबा वितळून काळा गोळा होतो. वर्षातून दोन फेऱ्या तरी हव्यात : मेअखेर एक, आणि पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात एक.

अक्षांश-रेखांश घेताना लोक घाई करतात. खेळात ते अंश आणि दशांश मिनिटांत लिहितात. अक्षांशाच्या मिनिटाचा हजारावा भाग सगळीकडे सुमारे १.८५ मीटर असतो. रेखांशाचा मात्र लंडनजवळ १.१५ मीटर आणि पुण्याजवळ १.७६ मीटर. म्हणजे रेखांशाच्या शेवटच्या तीन आकड्यांत दहाची चूक झाली तर पुण्यात माणूस साडेसतरा मीटर भरकटतो, आणि कड्याजवळ हे अंतर जिवावर बेतू शकतं. कातळाच्या भिंतीवरून उपग्रहाचा संदेश परावर्तित होतो, त्यामुळे कड्याखालचं मोजमाप हमखास फसतं. मोबाइल पाच मिनिटं स्थिर ठेवा, दोन वेगळ्या दिवशी मोजा, सरासरी काढा. फोनचा जीपीएस पुरतो. परदेशातून येणाऱ्यांनी उपग्रहावरून निरोप पाठवणारी उपकरणं मात्र आणू नयेत. भारतात ती परवान्याशिवाय बाळगणं बेकायदा आहे.

मग गडांसाठी काय? जिथे भूगर्भ बोलतो तिथे अर्थकॅश हा प्रकार आहे : डबाच नाही, जागेवर जाऊन निरीक्षण करायचं आणि प्रश्नांची उत्तरं मालकाला पाठवायची. सह्याद्रीच्या बसाल्टला याच्याइतका शोभणारा प्रकार नाही. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे घ्या. पाण्याच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे एकाच जागी गरगरत राहिले आणि त्यांनी कातळ पोखरला. प्रश्न असे विचारता येतात : एका खळग्याचं तोंड आणि मध्यभाग यांत रुंद काय, तळाशी गोटे आहेत का, भिंतीला हात लावला तर गुळगुळीत लागते की खरबरीत? उत्तरं जागेवर उभं राहिल्याशिवाय देता येणार नाहीत. मात्र पावसाळ्यात तिथे उतरू नये, हे वर्णनात ठळक लिहायला हवं.

इतिहासाच्या जागेसाठी चर्चची युक्ती वापरा. नाणेघाटात सातवाहनांचा शिलालेख आहे, माथ्यावर दगडी रांजण आहे. यातल्या कशालाही हात न लावता, फक्त पाहून आणि मोजून आकडे मिळतील असे टप्पे करा, आणि डबा घाटघर गावात ठेवा : एखाद्या घराच्या पडवीत, फळीवर, घरमालकाच्या संमतीने आणि त्याला खेळ नीट समजावून. माकडं नेणार नाहीत, गुराख्याची पोरं उघडून बघणार नाहीत, आणि येणारा माणूस गावात किमान चहा तरी घेईल. देखभालीसाठी नाव मात्र जुन्नरच्या किंवा पुण्याच्या माणसाचं हवं, स्वतःचं नको. तसं कुणी मिळत नसेल तर डबा बॅगेतच परत न्या.