मिनिकॉयला दुपारनंतरच जा

‘मिनिकॉय शांत आहे, पण दुपारनंतर करण्यासारखं काही नाही’ हे लक्षद्वीपमधल्या या बेटावरच्या तुमच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. होड्या परततात तेव्हाच तर ते गाव जागं होतं! तिथं ट्यूना मासा काठी आणि गळानं धरतात. लगूनमधले, म्हणजे बेटालगतच्या उथळ पाण्यातले, बारीक मासे जिवंत ठेवायचे, ट्यूनाचा थवा दिसला की ते समुद्रात फेकायचे, वरून पाण्याचा फवारा मारायचा आणि एकेक ट्यूना वर ओढायचा. गळाला उलटा काटा नसतो, त्यामुळं मासा होडीत पडताच सुटतो. नको ते जीव यात फारसे सापडत नाहीत, आणि लेखात याचा साधा उल्लेखही नाही.

आणि मासमीन, म्हणजे तिथला सुकवलेला ट्यूना, लेखातून कसं राहिलं? ट्यूना उकडायचा, धुरी द्यायची, मग उन्हात कडक वाळवायचा. आम्ही सांगलीकर हळद शिजवून वाळवणारी माणसं, ते वाळवण बघून घरचंच खळं आठवलं. एका काकूंनी तुकडा हातावर ठेवला, नखानं ओरखडासुद्धा उठेना. जहाजातून सकाळी उतरून संध्याकाळी परतणाऱ्यांना यातलं काही दिसत नाही. लक्षद्वीपला परवाना लागतोच, तो काढतानाच मुक्कामाची सोय बघा.