ब्रायन कॉक्स यांचं यश ७२ व्या वर्षी सुरू झालं नाही

स्कॉटिश नट ब्रायन कॉक्स यांच्याबद्दलची एक गोष्ट रील्समधून आणि फॉरवर्डमधून सतत फिरत असते. तपशील थोडेफार बदलतात, सांगाडा तोच. गरीब घरातला मुलगा. लहानपणीच वडील गेले, आई आजारी. नट व्हायचं वेड घेऊन तो एकटा घराबाहेर पडला, पण पन्नास वर्षं किरकोळ कामंच करत राहिला. हॉलिवूडने नाकारलं, कुणी नाव विचारलं नाही. तरी त्याने हार मानली नाही, आणि वयाच्या ७२ व्या वर्षी ‘सक्सेशन’ मालिकेतल्या माध्यमसम्राट लोगन रॉयच्या भूमिकेने त्याचं नशीब उघडलं. मग पुरस्कार, पैसा, जगभर नाव. शेवटी आपल्याला सल्ला: धीर धरा, तुमचीही वेळ येईल.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, याबद्दल मला शंका नाही. पण यातला बालपणाचा भाग सोडला तर जवळजवळ काहीच टिकत नाही, आणि चूक लहानसहान नाही. एका नटाचं पन्नास वर्षांचं काम त्यात पुसून टाकलं जातं. ज्यांना नाटकाची ओढ आहे त्यांनी तरी हे मुकाट्याने पुढे पाठवू नये, म्हणून हा प्रपंच.

तारखा आधी पाहू. कॉक्स यांचा जन्म १ जून १९४६ चा, स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातला. ‘सक्सेशन’चा पहिला भाग एचबीओवर ३ जून २०१८ ला दाखवला गेला. म्हणजे ७२ हा आकडा बरोबर आहे. त्याआधीची पन्नास वर्षं मात्र साफ चुकीची सांगितली जातात.

‘किरकोळ कामं करत राहिला’ हे विधान मला सर्वात जास्त टोचतं. १९६५ मध्ये एडिंबरामध्ये रॉयल लायसियम थिएटर कंपनी उभी राहिली, तेव्हा दिग्दर्शक टॉम फ्लेमिंग यांच्या त्या पहिल्याच संचात १९ वर्षांचे कॉक्स होते. तिथून ते बर्मिंगहॅम रेपर्टरी थिएटरला गेले आणि इब्सेनचा पीर गिंट त्यांनी साकारला. ही भूमिका तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत पसरलेली आहे, भलेभले नट तिला बिचकतात. १९६७ मध्ये ‘अ‍ॅज यू लाइक इट’मधला ऑर्लँडो करत ते लंडनच्या वेस्ट एंडमध्ये, व्होडव्हिल थिएटरमध्ये दाखल झाले. शेक्सपिअरच्या नाटकात मुख्य भूमिका, लंडनच्या व्यावसायिक रंगभूमीवर, आणि वय अवघं २१. याला किरकोळ काम म्हणायचं असेल तर मग मोठं काम कशाला म्हणायचं?

पुढच्या दोन दशकांत काम वाढतच गेलं. लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये १९६९ साली डेव्हिड स्टोरी यांचं नाटक, पुढे नॅशनल थिएटर, मग रॉयल शेक्सपिअर कंपनी. १९८४ मध्ये रॉन हचिन्सन यांच्या ‘रॅट इन द स्कल’ या नाटकात त्यांनी उत्तर आयर्लंडमधला पोलिस इन्स्पेक्टर केला. चौकशीच्या खोलीत समोरासमोर बसलेली माणसं आणि त्यांच्यामागे शेकडो वर्षांचं वैर, असं ते नाटक. त्याबद्दल त्यांना ऑलिव्हिए पुरस्कार मिळाला. ब्रिटिश रंगभूमीवर याहून मोठा पुरस्कार नाही.

दुसरा ऑलिव्हिए १९८८ मध्ये आला, ‘टायटस अँड्रॉनिकस’साठी. शेक्सपिअरचं हे नाटक इतकं रक्तरंजित की पिढ्यानपिढ्या त्याला टाकाऊ मानलं गेलं. हात तोडले जातात, जिभा छाटल्या जातात, आईला तिच्याच मुलांचं मांस जेवणात वाढलं जातं. दिग्दर्शक डेबोरा वॉर्नर यांनी १९८७ मध्ये स्ट्रॅटफर्डच्या स्वान थिएटरमध्ये ते काटछाट न करता, संपूर्ण संहितेनिशी केलं. मुलं मेली, हात गेला, आणि त्या क्षणी टायटस हसतो. संहितेत तिथे नुसतं ‘हा, हा, हा’ आहे. ते हसू खोटं वाटलं तर सगळं नाटक कोसळतं, खरं वाटलं तर प्रेक्षकाला स्वतःचीच भीती वाटू लागते. कॉक्स यांनी ते पेललं. आपल्या रंगभूमीवरच्या कामांत सर्वात वरचं काम म्हणून ते स्वतः या टायटसचं नाव घेतात. लोगन रॉय रागाच्या मधोमध अचानक मिश्कील होतो आणि समोरचा आणखी घाबरतो. त्या कसबाची मुळं मला याच टायटसमध्ये दिसतात.

त्यानंतर १९९० मध्ये नॅशनल थिएटरमध्ये किंग लिअर, पुन्हा वॉर्नर यांच्याच दिग्दर्शनाखाली. हा लिअर पहिल्या प्रवेशात व्हीलचेअरवर बसून येतो, वाढदिवसाची मेजवानी असावी अशा थाटात, आणि हसतखेळत राज्याची वाटणी करून टाकतो. इयन मॅकेलन त्यात केंट होते. जोडीला केलेल्या ‘रिचर्ड द थर्ड’मध्ये मॅकेलन रिचर्ड आणि कॉक्स बकिंगहॅम. दोन्ही नाटकं घेऊन हा संच टोकियोपासून प्राग, बुखारेस्टपर्यंत फिरला. ब्रॉडमूर या कडेकोट बंदोबस्तातल्या मनोरुग्णालयातही, हातून गंभीर गुन्हे घडलेल्या रुग्णांसमोर, या लिअरचा प्रयोग झाला. या सगळ्या काळाची रोजनिशी कॉक्स यांनी पुस्तकरूपाने छापली आहे. लिअर ही काय चीज आहे हे मराठी प्रेक्षकाला समजावून सांगायला नको. अप्पासाहेब बेलवलकर त्याच कुळातले. मुलांमध्ये साम्राज्य वाटू पाहणारा आणि वाटू न शकणारा म्हातारा म्हणजे लोगन रॉय. ती भूमिका कॉक्स यांच्याकडे आली तेव्हा त्यांच्या अंगात लिअर मुरून पाव शतक लोटलं होतं.

‘टीव्हीवर त्याला कुणी ओळखत नव्हतं’ असंही लिहिलेलं असतं. १९७८ मध्ये बीबीसीने ‘द डेव्हिल्स क्राउन’ ही तेरा भागांची मालिका केली, तिच्यात दुसरा हेन्री राजा कॉक्स यांनी केला. पुढे नेपोलियनच्या काळातला ब्रिटिश सैनिक शार्प याच्या कथांवरच्या टीव्हीपटांत मेजर होगन, ‘डेडवुड’मध्ये फिरत्या नाटक कंपनीचा मालक, ‘वॉर अँड पीस’मध्ये सेनापती कुतुझोव्ह. आणखी एक टीव्हीनाटक सांगायलाच हवं. १९६८ मध्ये, २२ व्या वर्षी, ते नायजेल नील यांच्या भविष्यवेधी टीव्हीनाटकात दिसले. एका बेटावर ठेवलेल्या कुटुंबाचे हाल थेट प्रक्षेपित करून वाहिनी प्रेक्षक गोळा करते, अशी त्याची कथा. रिअ‍ॅलिटी शो जन्मायच्या कितीतरी आधी ते लिहिलं गेलं. पन्नास वर्षांनी कॉक्स यांनी जो माध्यमसम्राट उभा केला, त्याच्या धंद्याचं चित्र त्यात आधीच होतं. हे नाटक रंगीत चित्रित झालं होतं; आज त्याची फक्त कृष्णधवल प्रत शिल्लक आहे.

गैरसमजाचं मूळही मला इथेच दिसतं. नाटकाचा प्रयोग संपला की संपला. त्या काळच्या टीव्हीच्या टेपा पुसल्या गेल्या किंवा अर्ध्यामुर्ध्या उरल्या. २०१८ नंतरचं काम मात्र फोनवर हवं तेव्हा, तुकड्या-तुकड्यांत मिळतं. मग ज्याची क्लिप नाही ते घडलंच नाही, असं आपण धरून चालतो. आपल्याकडेही तीस वर्षं नाटकं गाजवलेल्या नटाचा परिचय ‘अमुक मालिकेतले आजोबा’ असा करून दिला जातो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मला वाटतं.

हॉलिवूडने नाकारल्याची कथा तर उलटीच आहे. ‘रॅट इन द स्कल’चे प्रयोग १९८५ मध्ये न्यूयॉर्कला झाले आणि पाठोपाठ मायकल मान यांच्या ‘मॅनहंटर’ या चित्रपटात त्यांना हॅनिबल या नरभक्षक खुनी डॉक्टरची भूमिका मिळाली. चित्रपट १९८६ मध्ये आला. पडद्यावरचा हा पहिला हॅनिबल. अँथनी हॉपकिन्स यांचा त्यानंतर पाच वर्षांनी आला. ‘मॅनहंटर’ तिकीटबारीवर चालला नाही हे खरं, म्हणून ‘हॉपकिन्सनी संधी पळवली’ असं कुणी कुणी जोडून देतं. वास्तविक हॉपकिन्स १९८६ अखेरीस नॅशनल थिएटरला लिअर करत होते, आणि १९९० मध्ये त्याच नॅशनलला कॉक्स. दोन नटांनी त्याच दोन भूमिका मागेपुढे केल्या, यात पळवापळवी कसली? १९९० च्या दशकाच्या मध्यात, पन्नाशीच्या आसपास, कॉक्स यांनी विचारपूर्वक अमेरिकेचा रस्ता धरला. नायक व्हायचा हट्ट नव्हता, चरित्रभूमिका करायच्या होत्या. १९९५ या एकाच वर्षात ‘ब्रेव्हहार्ट’ आणि ‘रॉब रॉय’ आले. पुढे ‘रशमोर’, बोर्न मालिकेतले पहिले दोन चित्रपट, ‘एक्स-मेन’च्या दुसऱ्या भागातला स्ट्रायकर, ‘ट्रॉय’मधला अ‍ॅगमेम्नॉन. नकार द्यायची वेळ आली ती त्यांच्यावर: ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधला रॉबर्ट राजा आणि ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’मधला गव्हर्नर या भूमिका आपण सोडल्या, असं त्यांनी २०२१ च्या आत्मचरित्रात लिहिलं आहे.

पुरस्कारांचा मुद्दा दोन ओळींत संपतो. ‘लोगन रॉयसाठी एमी मिळाला’ हे चूक. एमी हा अमेरिकन टीव्हीचा मानाचा पुरस्कार; त्या भूमिकेसाठी त्याची तीन नामांकनं मिळाली, एमी एकदाही नाही. मिळाला तो २०२० चा गोल्डन ग्लोब. कॉक्स यांच्याकडे असलेला एमी २००१ चा आहे, ‘न्यूरेम्बर्ग’ मालिकेतल्या नाझी नेता गोअरिंगच्या भूमिकेसाठी. ब्रिटिश सरकारचा सीबीई हा किताब २००३ चा.

‘धीर धरला म्हणून फळ मिळालं’ या सल्ल्यावरही माझा आक्षेप आहे. कॉक्स वाट बघत बसले नव्हते. लायसियममध्ये ज्येष्ठ नट फुल्टन मकाय यांनी तरुण कॉक्सना सांगितलं होतं की स्टार व्हायची चिंता सोड, चांगला नट हो. ही आठवण कॉक्स मुलाखतींत वारंवार सांगतात, आणि त्यांची कारकीर्द पाहिली की तो सल्ला त्यांनी शब्दशः पाळला हे दिसतं. मधल्या काळात त्यांनी मॉस्को आर्ट थिएटरच्या शाळेत रशियन विद्यार्थ्यांना घेऊन ‘द क्रूसिबल’ हे नाटक बसवलं. २०१५ मध्ये लायसियमच्या पन्नाशीला ते एडिंबराला परतले आणि बिल पॅटरसन यांच्याबरोबर ‘वेटिंग फॉर गोदो’ केलं. ‘सक्सेशन’ संपल्यावर २०२४ मध्ये लंडनला यूजीन ओनील यांचं जवळजवळ साडेतीन तासांचं नाटक केलं, वयाच्या ७७ व्या वर्षी.

राहिला मुद्दा ‘कुणाच्याही मदतीविना एकटा’ असण्याचा. यात अर्धं खरं आहे, आणि त्यामुळेच तो जास्त दिशाभूल करतो.

गरिबी खरीच होती. डंडी हे तागाच्या गिरण्यांचं शहर, ताग यायचा बंगालमधून. कॉक्स यांची आई त्या गिरण्यांमध्ये सूत कातणारी कामगार होती. वडिलांचं छोटं दुकान. गिऱ्हाइकांना उधारी देण्यात हात सैल. कॉक्स आठ वर्षांचे असताना वडील कर्करोगाने गेले, घरात पैसा उरला नाही. आईचं मानसिक स्वास्थ्य ढासळलं, तिला विजेचे झटके देण्याचे उपचार झाले. पाच भावंडांत धाकट्या ब्रायनला मोठ्या बहिणींनी सांभाळलं. संध्याकाळी चिप्सच्या दुकानात जाऊन तळणीत उरलेला चुरा मागून आणल्याचं ते सांगतात.

पण पुढचा रस्ता एकट्याने खोदलेला नव्हता. शाळा सुटल्यावर, पंधराव्या वर्षाच्या आतबाहेर, त्यांना डंडी रेपर्टरी थिएटरमध्ये नोकरी लागली. फरशी पुसणं, निरोप पोचवणं, पडेल ते काम. रेपर्टरी म्हणजे कायमचा पगारी संच असलेलं गावातलं थिएटर: संध्याकाळी एका नाटकाचा प्रयोग, दिवसा पुढच्याची तालीम. ब्रिटनमध्ये अशी थिएटरं गावोगाव होती आणि त्यांना सार्वजनिक पैशाचा आधार होता. गिरणी कामगाराच्या मुलाला रोज रात्री विंगेत उभं राहून कसलेले नट बघायला मिळत होते, आणि त्याचा पगारही मिळत होता. १९६३ मध्ये ते लंडनच्या लॅम्डा या नाट्यशिक्षण संस्थेत गेले. फी आणि राहण्याचा खर्च निघाला तो सरकारी शिष्यवृत्तीतून.

कॉक्स स्वतः हे कधी लपवत नाहीत. आपल्या पिढीत कामगारवस्तीतली मुलं नट झाली ती या शिष्यवृत्तीमुळे, आणि आज तसा रस्ता राहिलेला नाही, हे ते वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. १९९८ मध्ये ब्रिटनच्या विद्यापीठांत फी आली आणि जुन्या अनुदानाची जागा कर्जाने घेतली. ब्रिटिश पडद्यावर महागड्या खासगी शाळांतून आलेल्या नटांची गर्दी का, हा प्रश्न तिथे दर थोड्या दिवसांनी पेटतो तो याच कारणाने. २०१० ते २०१६ या काळात डंडी विद्यापीठाचे रेक्टर, म्हणजे विद्यार्थ्यांनी निवडून दिलेले प्रतिनिधी, म्हणून कॉक्स यांनी काम केलं, आणि २०२२ मध्ये श्रीमंत-गरीब दरीवर त्यांनी टीव्हीसाठी माहितीपट केला. ज्या माणसाने आपल्या यशाचं श्रेय उघडपणे सरकारी शिष्यवृत्तीला आणि गावातल्या थिएटरला दिलं, त्याचं नाव ‘मदत मागू नका, वाट बघा’ असं सांगायला वापरणं हा त्याच्यावर अन्याय आहे.