शेवटचे शब्द नेमके कोणते?

गुड फ्रायडेची उपासना आटोपून आम्ही वसईतल्या आमच्या तळ्याकाठच्या कट्ट्यावर आलो, तर वकील वाटच बघत होता. तो ख्रिस्ती नाही. पण झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आधीच्या रविवारी, आणि आज, दोन्ही वेळा मागच्या बाकावर बसून येशूच्या दुःखसहनाचं वाचन त्याने नीट ऐकलं होतं.

"रविवारी तू वाचलंस, 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' आज ऐकलं, 'पूर्ण झाले आहे'. मरताना माणूस नेमकं काय म्हणाला?"

रविवारी निवेदक मीच होतो. येशूचं चरित्र सांगणारी शुभवर्तमानं चार: मत्तय, मार्क, लूक आणि योहान. झावळ्यांच्या रविवारचं वाचन वर्षाप्रमाणे बदलतं; हे वर्ष मार्कचं, म्हणून तेव्हा मार्क. गुड फ्रायडेला दरवर्षी योहानच. वकिलाने वेळही धरली होती. मार्क सांगतो तिसऱ्या तासाला, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास वधस्तंभावर खिळलं. योहानमध्ये सहाव्या तासाला, भर दुपारी, रोमी सुभेदार पिलाताचा निवाडाच चाललाय.

कट्ट्यावरच्या मास्तरांनी सात वचनांचा, म्हणजे वधस्तंभावरून येशू बोलला त्या सात वाक्यांचा, आधार घेतला. "तीन लूककडची, तीन योहानकडची, एक मार्क आणि मत्तयमधलं. येशू सातही बोलला. ज्याने जे ऐकलं ते लिहिलं."

"मास्तर, तिथंच तर घोटाळा होतो," मी म्हटलं. माझा आवाज जरा चढलाच. असं एकत्र विणायचं काम ततियान नावाच्या ख्रिस्ती लेखकाने साधारण इ.स. 170 मध्ये केलं होतं, चारींचं मिळून एकच चरित्र. सिरियातल्या मंडळ्या पिढ्यान्‌पिढ्या तेच वाचायच्या. पाचव्या शतकात बिशप थिओदोरेतने त्याच्या दोनशेहून अधिक प्रती गोळा करून बाजूला काढल्या आणि जागी चार शुभवर्तमानं दिली. मला थिओदोरेतचं पटतं. मार्कचा येशू अगदी एकटा आहे. शिष्य पळालेत, दोन्ही बाजूचे लुटारूसुद्धा त्याची निंदा करतात, आणि मग ती एकच आरोळी. लूकमधला पश्चात्ताप करणारा गुन्हेगार तिथं आणून बसवलात की तो एकटेपणा गेला. आणि योहानच्या येशूच्या तोंडी ती आरोळी घाला, तर आईला शिष्याच्या हवाली करून शांतपणे 'पूर्ण झाले' म्हणणारा तो उरतच नाही.

"म्हणजे वेळेचं उत्तर नाहीच," वकील.

नाही. दिवसाचंही नाही. मार्कमध्ये वल्हांडणाचं, म्हणजे कोकरू कापून साजरा होणाऱ्या यहुदी सणाचं, जेवण आदल्या रात्री होऊन गेलंय, योहानमध्ये ते अजून व्हायचंय. योहानच्या पहिल्याच अध्यायात बाप्तिस्मा करणारा योहान (हा वेगळा) त्याला 'देवाचा कोकरा' म्हणतो. म्हणून कोकरं कापायच्या दिवशीच त्याचं मरण यावं, हे शुभवर्तमान लिहिणाऱ्या योहानने जाणून मांडलं असं मी मानतो. मास्तरांना हे आवडलं नाही, ते गप्प झाले.

मग मी त्यांना रविवारी वाचताना अडखळलो ती ओळ सांगितली. शिमोन कुरेनेकराला वाटेत धरून वधस्तंभ वाहायला लावतात, आणि मार्क म्हणतो, 'अलेक्सांद्र व रूफ यांचा बाप'. त्या पोरांचं पुढं काहीच नाही. मत्तय आणि लूक शिमोन ठेवतात, पोरांची नावं गाळतात. योहानमध्ये शिमोनच नाही, येशू आपला वधस्तंभ स्वतः वाहतो. मार्क ज्यांना सांगत होता त्यांना ती पोरं ठाऊक असणार, नाहीतर नावं कशाला घेईल? चारींचं एक करायला बसलं की अशी ओळ सहज हातून निसटते.

मास्तर बऱ्याच वेळाने बोलले. "मार्कचा शेवटही जुन्या हस्तलिखितांत वेगळाच आहे म्हणे?"

आहे. चौथ्या शतकातल्या दोन मोठ्या हस्तलिखितांत मार्क सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनावर थांबतो. बाया रिकाम्या कबरेपासून पळतात आणि कुणाला काही सांगत नाहीत, कारण त्या भ्यालेल्या असतात. पुढची बारा वचनं मागाहून जोडलेली, बरीचशी इतर शुभवर्तमानांशी जुळणारी.

"काही सांगितलं नाही, तर मार्कला कळलं कसं?" वकिलाने विचारलं.

"भीती ओसरल्यावर बोलल्या असतील," मास्तर म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "ती आठवी ओळ परत म्हण."