विंडोज लाइव्ह मेल नव्या लॅपटॉपवर का बसलं नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर दिलं नाही, कारण आधी तुमचा एरर स्वतः काढून बघायचा होता. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. सर सांगलीचे, गणिताचे निवृत्त शिक्षक. विंडोज ७च्या जुन्या संगणकावर ते वर्षानुवर्षं वापरत असलेलं विंडोज लाइव्ह मेल (मायक्रोसॉफ्टचा ईमेलचा प्रोग्राम) त्यांना विंडोज ११च्या नव्या लॅपटॉपवर हवं होतं. ते कसं बसवायचं यावरच्या माझ्या लेखात सांगितलेलं सगळं त्यांनी केलं. कम्पॅटिबिलिटी मोड झाला, रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर झालं, अँटिव्हायरस बंद करून झाला. दोन दिवस गेले आणि दर वेळी पडद्यावर तोच आकडा: ०x८०१९०१९४. त्यांनी लिहिलंय की मी स्वतः करून न बघता लेख लिहिला, आणि “थंडरबर्ड घ्या” (तो दुसरा एक ईमेल प्रोग्राम) असं एका ओळीत सांगणाऱ्यांना दुसऱ्याच्या बारा वर्षांच्या पत्रव्यवहाराची किंमत नसते.

सर, करून पाहिलं होतं. पण माझ्या जुन्या हार्ड डिस्कवर त्याचं पूर्ण सेटअप होतं, त्यावरून. तुमच्याकडे होतं ते छोटं, वेब सेटअप. हा फरक लेखात यायलाच हवा होता, तो मी लिहिला नाही. तुमचे दोन दिवस माझ्यामुळे गेले, त्याबद्दल मनापासून माफी मागते.

त्या छोट्या फाइलच्या पोटात मेलचा प्रोग्राम नसतोच. ती चालू झाली की इंटरनेटवर जाते, काय काय उतरवायचं त्याची यादी मागते आणि मग एकेक भाग खाली आणते. लाइव्ह मेल ज्यात येतं त्या विंडोज इसेन्शियल्स २०१२ या संचाचा सपोर्ट १० जानेवारी २०१७ला संपला आणि पुढे त्या फाइलीही काढून घेतल्या गेल्या. म्हणजे तुमचं सेटअप यादी आणायला जात होतं आणि तिथून रिकाम्या हाताने परतत होतं. आकड्याच्या आधी ‘ऑन कॅटलॉग रिझल्ट’ अशी अक्षरं दिसली असतील. कॅटलॉग म्हणजे तीच यादी.

आणि तो आकडाही हेच सांगतो. तुम्ही गणित शिकवलंय, त्यामुळे तुम्हाला हे आवडेल. हा आकडा षोडशमान पद्धतीत, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत, लिहिलेला आहे. त्यातले शेवटचे तीन अंक घ्या, १९४. एक गुणिले २५६, नऊ गुणिले १६ म्हणजे १४४, आणि वर ४. बेरीज करा: ४०४. वेबसाइटवर पान सापडलं नाही की दिसतो तोच हा ४०४. बिघाड तुमच्या लॅपटॉपमध्ये नव्हता आणि तुमच्या हातूनही काही चुकलं नव्हतं. कम्पॅटिबिलिटी मोड प्रोग्रामला एवढंच भासवतो की तू अजून जुन्याच विंडोजवर आहेस. सर्व्हरवरून काढलेली फाइल तो कुठून आणणार? म्हणजे माझा उपाय तुमच्या दुखण्यावरचा नव्हताच.

तुमच्या एका वाक्याशी मात्र मी सहमत नाही. “नवे संगणक जुनं काही चालूच देत नाहीत” असं तुम्ही लिहिलंत. ६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटचे फार जुने प्रोग्राम चालत नाहीत, हे खरं. पण लाइव्ह मेल ३२ बिटचं आहे आणि तसे प्रोग्राम आजही सर्रास चालतात.

मग पूर्ण सेटअप मिळवायचं का? मिळालं तर ते बसू शकतं. त्यातलं फक्त ‘मेल’ निवडा, बाकीच्या खुणा काढा. मध्येच डॉट नेट ३.५ (जुन्या प्रोग्रामना लागणारा विंडोजचा भाग) मागितलं तर विंडोज फीचर्समधून ते सुरू करून घ्या. कुठल्याही साइटवरून घेणार असाल तर फाइल उघडण्याआधी राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिजिटल सिग्नेचर्स एवढं बघाच. तिथे मायक्रोसॉफ्टचं नाव नसेल तर फाइल लगेच डिलीट करा.

पण खरी अडचण त्याच्या पुढे आहे, आणि तीही मी लेखात लिहिली नव्हती. प्रोग्राम बसेल, मेल येणार नाहीत. जीमेलने वैयक्तिक खात्यांसाठी ३० मे २०२२पासून जुन्या प्रोग्राममध्ये नुसता नेहमीचा पासवर्ड टाकून आत जाणं बंद केलंय. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून सोळा अक्षरांचा वेगळा ॲप पासवर्ड घेतला तर वाट निघते. आउटलुक डॉट कॉमच्या खात्यांना सप्टेंबर २०२४पासून तीही सोय नाही. २०१७पासून सुरक्षेची एकही दुरुस्ती न मिळालेला प्रोग्राम रोजच्या टपालासाठी वापरू नका, हे मी तुम्हाला हात जोडून सांगेन.

आता तुमचा पत्रव्यवहार. माझ्या वडिलांची मेल मी अशीच एका जुन्या डिस्कवरून काढली आहेत, त्यामुळे ती किंमत मला माहीत आहे. ती एका ओळीत उरकायला नको होती.

लाइव्ह मेल प्रत्येक पत्र वेगळी फाइल म्हणून ठेवतं. जुन्या संगणकावर सी ड्राइव्ह, मग यूजर्स, तुमच्या नावाचं फोल्डर, ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट आणि शेवटी विंडोज लाइव्ह मेल. ॲपडेटा लपवलेलं असतं. फोल्डर ऑप्शन्समध्ये लपवलेल्या फाइली दाखवायची खूण केली की दिसतं. आत खात्यांची फोल्डरं, त्यांत इनबॉक्स, सेंट आयटम्स, आणि त्यांत अक्षरं-आकड्यांची अगम्य नावं असलेल्या, डॉट ईएमएलने संपणाऱ्या फाइली. घाबरू नका, त्यातली कुठलीही नोटपॅडमध्ये उघडून बघा: वर पाठवणाऱ्याचा पत्ता, तारीख, विषय, सगळं जागेवर असतं. पत्र प्रोग्रामवर अवलंबून नाही.

ते अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या आणि आणखी एक प्रत दुसरीकडे ठेवा. मग नव्या लॅपटॉपवर थंडरबर्ड टाका आणि त्यात ‘इम्पोर्ट एक्स्पोर्ट टूल्स एनजी’ हे ॲड-ऑन घ्या. लोकल फोल्डर्समध्ये एक नवं फोल्डर करून त्यावर राइट क्लिक केलंत की ईएमएल फाइलींचं फोल्डर उपफोल्डरांसकट आत घेता येतं. पत्ते मात्र या फाइलींत नसतात. ते जुन्या संगणकावर लाइव्ह मेल उघडून कॉन्टॅक्ट्समधून सीएसव्ही या साध्या तक्त्याच्या फाइलीत एक्स्पोर्ट करावे लागतील, म्हणून तो संगणक इतक्यात फॉरमॅट करू नका आणि एक्स्चेंजमध्येही देऊ नका. पीओपीने, म्हणजे सर्व्हरवरून संगणकावर काढून घ्यायच्या जुन्या पद्धतीने, उतरवलेली पत्रं सर्व्हरवर राहिलेली नसू शकतात. तसं असेल तर त्यांची एकमेव प्रत त्या डिस्कवरच आहे.

एक शक्यता आधीच सांगून ठेवते. युनिकोड रुळायच्या आधीची मराठी पत्रं श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टमध्ये असतील तर नव्या लॅपटॉपवर ती इंग्रजी अक्षरांच्या खिचडीसारखी दिसतील. पत्र बिघडलंय असं समजून डिलीट करू नका. तिथे फक्त फॉन्ट नसतो.

मूळ लेखात दोन्ही सेटअपमधला फरक आणि पासवर्डची अडचण आजच घातली आहे. फोल्डर कॉपी झालं की दोन्हीकडे प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या बघा. ती जुळली नाही तर इथेच लिहा, मी दोन्ही आकडे घेऊन तुमच्याबरोबर बसेन.