कोण ॲडमिट आहे?

आमच्याकडे थर्मास माळ्यावरून खाली येतो तो दोनच कारणांनी, एक तर कोणीतरी दवाखान्यात असतं नाहीतर कोणीतरी रात्रीच्या एसटीने निघालेलं असतं. त्यामुळे मी जेव्हा कॉफी करायला म्हणून पाऊण लिटरचा स्टीलचा थर्मास ऑनलाइन मागवला आणि धुऊन गॅलरीत पालथा घातला, तेव्हा दहाच मिनिटांत समोरच्या काकूंनी बेल वाजवली.

"कोण ॲडमिट आहे गं?"

"कोणी नाही हो काकू, पोअर ओव्हरसाठी आणलाय."

"अगंबाई, ओव्हर? कोण गेलं?"

तर मूळ दुखणं असं, की मी सहाला उठते आणि नवरा रात्री अमेरिकेबरोबर मीटिंगा झोडत बसतो म्हणून उगवतो साडेनऊला. कॉफी दोघांनाही तीच लागते, पोअर ओव्हर, म्हणजे शंकूत कागदी फिल्टर, त्यात ताजी दळलेली कॉफी आणि वरून बारीक चोचीच्या किटलीने गोल गोल धार. सासूबाई तिला ठिबक सिंचन म्हणतात. (त्या स्वतः चहावाल्या, गवती चहा आलं सगळं घालून, त्यांचं मत विचारात घ्यायचं नाही असं मी ठरवलंय.) आता हे ठिबक सिंचन सकाळी दोनदा करायचं म्हणजे हाताने दोनदा दळायचं आणि दोनदा वजनाचा काटा मांडून बसायचं. काचेच्या भांड्यात करून ठेवलेली नंतर गॅसवर गरम केली की तिचा काढा होतो, तो नवरा पितो पण चेहरा असा करतो की आपल्यालाच अपराधी वाटावं. म्हणून म्हटलं एकदाच ३६ ग्रॅम कॉफी, ६०० मिली पाणी, थेट थर्मासात, विषय संपला.

विषय कसला संपतोय.

पहिल्या दिवशी सिरॅमिकचा शंकू थर्मासच्या तोंडावर ठेवला तर काय फिट बसला! मी खूश. पाणी ओतलं, कॉफी छान फुगली, तीस सेकंद थांबले, पुन्हा ओतलं, आणि पाणी तसंच वर. खाली जाईचना. मी आपली वाट बघतेय, तीन मिनिटं झाली, चार झाली, वर नुसतं तळं साचलंय. मग ट्यूब पेटली की खालची हवा बाहेर यायला फटच नाही, हवा बाहेर नाही तर कॉफी आत नाही, सरळ हिशेब. म्हणून शंकू जरासा उचलला तर भस्सकन सगळं एकदम खाली, त्यातलं निम्मं ओट्यावर. आता शंकूखाली एक काडी अडकवते म्हणजे हवेला वाट राहते. आधी देवघरातली जळून उरलेली उदबत्तीची काडी वापरली होती, त्या दिवशीच्या कॉफीला सत्यनारायणाचा वास होता.

दुसरी भानगड म्हणजे आत किती भरलंय ते दिसतच नाही. काचेच्या भांड्यात बघून थांबता येतं, इथे सगळा कारभार अंधारात. म्हणून काटा. पण माझ्या काट्याला एक खोड आहे, दोन मिनिटं कोणी हात लावला नाही की तो झोपतो. मी मन लावून धार धरतेय, २८०, ३१०, ३४०, आणि मध्येच कुकरची शिट्टी झाली म्हणून गॅस बारीक करून पोळ्यावाल्या बाईंचे दोन फोन घेऊन आले तर स्क्रीन काळी. पुन्हा चालू केला तर सगळ्या लवाजम्यासकट शून्य! मग म्हटलं हंडा भरताना कसं आपण आवाजावरून ओळखतो, तसं ऐकूया. थर्मासला कान लावून ओट्यावर वाकले. काही ऐकू येईना. येणार कसं, दोन भिंतींच्या मधली हवाच काढून घेतलेली, निर्वात पोकळीतून आवाज जात नाही हे शाळेत पाठ केलं होतं की. सासूबाई पाणी प्यायला आल्या, मला बघितलं, न बोलता परत गेल्या.

खरं तर थर्मासची काही चूक नाही. जेम्स ड्यूअरने १८९२ साली तो केला तो प्रयोगशाळेतले अतिथंड द्रव थंड ठेवायला, त्याला काय माहीत पुण्यात एक बाई त्यावर शंकू ठेवणार आहे. आणि जर्मनीतल्या मेलिटा बेन्ट्झबाईंनी १९०८ साली पितळी भांड्याला भोकं पाडून त्यात मुलाच्या वहीतला टिपकागद घातला, झाली कॉफी. टिपकागद! आणि मी इथे किटली काटा ग्राइंडर थर्मास एवढा संसार मांडून बसलेय.

मग तक्रार आली की कॉफी कोमट आहे. थर्मास गरम करत नाही, दिलंय ते गरम ठेवतो, आणि थंडगार स्टीलमध्ये थेंब थेंब पडणारी कॉफी अर्धी उष्णता तिथेच अर्पण करते. त्यात पुण्यातलं पाणी ९८ डिग्रीलाच उकळतं, समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर वर आहोत ना, पुण्यात पाणीसुद्धा पूर्ण शंभरावर यायला तयार नसतं. म्हणजे आधी थर्मासात उकळतं पाणी भरून पाच मिनिटं ठेवायचं, मग ओतून द्यायचं. ते ओतायला मी एकदा विसरले. त्या दिवशीबद्दल बोलायचं नाही.

पण सगळ्यात छुपा घोळ वेगळाच होता. पहिली उतरते ती कॉफी दाट, शेवटची फिक्की, आणि हलवलं नाही तर दाट तळाशी बसते. काचेत ते दिसतं, हात आपोआप भांडं गोल फिरवतो. थर्मासात दिसत नाही म्हणून मी महिनाभर न हलवता सहाला वरचं पाणचट पीत होते आणि म्हणत होते यंदाच्या बिया बेकार. आणि नवरा साडेनऊला तळातला अर्क पिऊन दुपारपर्यंत टकाटक कीबोर्ड बडवत होता, त्याला त्या तिमाहीत चांगलं रेटिंग मिळालं.

एवढं सगळं बसल्यावर, काडी, काटा, गरम पाणी, हलवणं, एके दिवशी काकू पुन्हा आल्या. काकांचं हर्नियाचं ऑपरेशन, दोन दिवस थर्मास मिळेल का. नाही कसं म्हणणार, थर्मासचं खरं काम तेच. आठ दिवसांनी परत आला, घासूनपुसून चकाचक, झाकण उघडलं तर आतून मुगाच्या कढणाचा वास. खायचा सोडा आणि गरम पाणी रात्रभर ठेवलं, सासूबाईंनी तांदूळ घालून खळखळवला, झाकणाची रबराची रिंग काढून उन्हात ठेवली. वास थोडा गेला.

आमच्या चिकमगळूरच्या कॉफीच्या पाकिटावर चवीच्या 'नोट्स' लिहिलेल्या असतात, संत्रं, गूळ, भाजलेला काजू. नवऱ्याला आजपर्यंत यातलं काहीही लागलेलं नाही, तो म्हणतो कॉफी लागते. त्या दिवशी मात्र साडेनऊला पहिला घोट घेतला, डोळे मिटले, दुसरा घेतला, आणि माझ्याकडे बघून अगदी हळूच म्हणाला, "अगं, आज पहिल्यांदा मला नोट लागली."

"कुठली?"

"जिरं."